आगबोटीतून आलेला गहू

रब्बीची पेरणी तोंडावर आली की गावोगाव एकच चर्चा असते. बियाणे कुठले घ्यायचे? कुणी म्हणतो लोक-१ बरा, पोळीला चांगला, कुणी नव्या वाणाची पिशवी आणतो, एखादा जुना माणूस अजून खपली आणि बन्सीची आठवण काढतो. पिशवी फोडली, मूठभर गहू तळहातावर घेतला, फुंकर मारून पाहिला, पाभर जुंपली की आपले काम झाले. पण त्या मुठीतल्या दाण्याने कुठून कुठे प्रवास केला आहे, हे पाहायला गेले तर एक मोठीच गोष्ट हाती लागते. त्या गोष्टीत एक आगबोट आहे, घरदार विकून निघालेले शेतकरी आहेत, टोळधाड आहे, सरकारी कचेरीतला कारकून आहे आणि ज्यांची जमीन गेली ते लोकही आहेत.

गोष्ट १८७४ सालची आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला 'सिंब्रिया' नावाची आगबोट जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातून निघून अमेरिकेत न्यूयॉर्कला लागली. पुढच्याच आठवड्यात, ३ सप्टेंबरला, तिच्या मागोमाग 'ट्युटोनिया' आली. या दोन बोटींतून एका गावचे गाव उतरले. अलेक्झांडरवोल हे त्या गावाचे नाव. गाव होते तेव्हाच्या रशियाच्या दक्षिण भागात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. लहानथोर मिळून सुमारे आठशे माणसे होती. त्यांच्या पेट्यांत कपडे होते, बायबल होते, भांडीकुंडी होती आणि थोडे गव्हाचे बियाणेही होते.

गाव का सोडले?

हे लोक मेनोनाइट पंथाचे. ख्रिस्ती धर्मातला हा एक पंथ. शस्त्र हातात धरायचे नाही, लढाईवर जायचे नाही, हा त्यांचा पक्का नेम. भाषा जर्मन, धंदा शेती. रशियाच्या राणीने, दुसऱ्या कॅथरीनने, पडीक मुलूख लागवडीखाली आणायला १७६३ साली परदेशी शेतकऱ्यांना आवतण दिले. पुढे १७८९ पासून मेनोनाइट तिकडे येऊ लागले आणि १८०४ पासून मोलोच्ना नदीकाठी त्यांच्या वस्त्या वसल्या. जमीन मिळाली, सैन्यात न जाण्याची सवलत मिळाली. दोन-तीन पिढ्यांत त्यांनी त्या गवताळ माळाचे गव्हाचे कोठार केले.

पण सवलत सरकारची असते. ती देणारे हात बदलले की सवलतही बदलते. १८७० नंतर रशियात सक्तीच्या लष्करी नोकरीचे वारे वाहू लागले आणि १८७४ साली तसा कायदाच झाला. सरकारने मग मध्यस्थ म्हणून टोटलेबेन नावाचा सेनापती त्यांच्याकडे पाठवला. बंदूक नको तर जंगलखात्यात चाकरी करा, अशी तडजोड काढली. पुष्कळांनी ती मान्य केली आणि ते मागे राहिले. सुमारे एक तृतीयांश लोकांना मात्र ती पटली नाही.

दुसरे कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल असे आहे. या वसाहतींत एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे पावणेदोनशे एकर जमीन होती आणि तिची वाटणी करायला मनाई होती. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडतात आणि शेवटी नांगर वळवायलाही जागा राहत नाही. तिकडे उलटे झाले. जमीन अखंड राहिली, पण ती एकाच मुलाकडे गेली आणि बाकीचे भाऊ भूमिहीन झाले. १८६० च्या सुमारास निम्म्याहून जास्त कुटुंबांना जमीनच उरली नव्हती. म्हणजे वाटणी केली तरी दुखणे आणि न केली तरी दुखणे. धर्मासाठी गाव सोडले असे सगळेच सांगत. ते खरेही होते. पण धाकट्या मुलाला जमीन कुठून द्यायची, हा घोर त्याच्या जोडीला होताच.

घाई मात्र त्यांनी केली नाही. १८७३ साली बारा जाणत्या माणसांचे शिष्टमंडळ आधी अमेरिका आणि कॅनडा पाहायला गेले. मॅनिटोबा, डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास असा मुलूख ती मंडळी फिरली. माती पाहिली, पाणी पाहिले, कायदा विचारला. मग परत येऊन गावाला सांगितले. दलालाच्या तोंडी बोलण्यावर गाव विकायचे नाही, एवढे शहाणपण त्यांच्याकडे होते. तरीही निघायची वेळ आली तेव्हा घरेदारे, जनावरे मातीमोल भावानेच द्यावी लागली. सगळे गावच विकायला बसले म्हटल्यावर गिऱ्हाईक भाव पाडणारच.

शिडाचे जहाज आणि आगबोट

हीच माणसे तीस वर्षे आधी निघाली असती तर अर्धी गोष्ट वाटेतच संपली असती. शिडाच्या जहाजाला अटलांटिक समुद्र ओलांडायला पाच-सहा आठवडे लागत. वारा पडला तर दोन-तीन महिनेही लागत. आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा १८४७ साली उपाशी माणसे अशाच जहाजांत कोंबून कॅनडाला पाठवली गेली. जहाजांत तापाची साथ फैलावली. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल नावाच्या एका बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांवर माणसे पुरावी लागली.

आगबोटीने हे चित्र बदलले. वाफेचे इंजिन बोटीवर पूर्वीपासून होते, पण ते कोळसा फार खाई. निम्मी बोट कोळशानेच भरली तर माणसे आणि माल ठेवायचा कुठे? १८६० च्या पुढे-मागे नव्या तऱ्हेचे इंजिन आले. त्यात एकदा वापरलेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या, मोठ्या नळकांड्यात सोडून पुन्हा कामाला लावत. तेवढ्याच कोळशात बोट लांब जाऊ लागली. लोखंडी सांगाडा आणि मागे पाण्यात फिरणारा पंखा यांचीही जोड मिळाली. प्रवास दहा ते चौदा दिवसांवर आला आणि मुख्य म्हणजे बोट कधी पोचणार हे आधी सांगता येऊ लागले. १८५६ च्या सुमारास न्यूयॉर्कला उतरणारे जवळजवळ सगळे लोक शिडाच्या जहाजाने येत. १८७३ पर्यंत जवळजवळ सगळे आगबोटीने येऊ लागले. इतक्या थोड्या वर्षांत एवढा पालट झाला.

सुख मात्र नव्हते. गरिबांची जागा बोटीच्या पोटात. एकावर एक लाकडी फळ्या, त्यावर गवताची गादी, जेवणाचे टिनाचे ताट आणि भांडे स्वतःचे. हवा कोंदलेली, खाली इंजिनाची धडधड आणि वर लाटा. बायाबापड्यांना वांत्यांनी उठवत नसे. धोकाही टळलेला नव्हता. अलेक्झांडरवोलच्या लोकांना सुखरूप पोचवणारी तीच 'सिंब्रिया' बोट १८८३ च्या जानेवारीत धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. त्यात ४३७ माणसे गेली. त्यांतही बहुतेक अमेरिकेला निघालेले असेच गरीब लोक होते.

या बोटींच्या धंद्यातली एक गोम शेतकऱ्याने ध्यानात घेण्यासारखी आहे. बोट जाताना माणसे नेई आणि येताना धान्य आणी. रिकामी फेरी नको म्हणून भाडे स्वस्त. अमेरिकेचा स्वस्त गहू त्यामुळे युरोपच्या बाजारात येऊन पडू लागला. तिकडच्या गव्हाचे भाव कोसळले. भाव कोसळले म्हणून आणखी शेतकरी कर्जात बुडाले आणि तेही बोटीत बसून अमेरिकेला गेले. तिथे जाऊन त्यांनी आणखी गहू पिकवला. म्हणजे शेतकऱ्याला उठवणारी आणि त्याला वाहून नेणारी बोट एकच होती.

बंदरावरची कचेरी

बोट न्यूयॉर्कला लागली की उतारू कॅसल गार्डन नावाच्या गोल इमारतीत जात. पूर्वी हा किल्ला होता, मग नाटकशाळा झाली आणि १ ऑगस्ट १८५५ पासून न्यूयॉर्क राज्याने तिथे परदेशातून येणाऱ्यांसाठी कचेरी उघडली. ती उघडायची वेळ का आली, हे गावकीच्या कारभाऱ्यांनी आणि सरकारी नोकरांनी वाचण्यासारखे आहे.

तोपर्यंत बोट लागली की धक्क्यावर दलालांची झुंबड उडे. हे दलाल उतारूच्याच भाषेत गोड बोलत, त्याची पेटी उचलून चालू लागत. पेटी गेली की मालक मागे जाणारच. मग ठरलेल्या खाणावळीत दुप्पट-तिप्पट बिल, खोटे रेल्वे तिकीट, पैसे बदलून देताना फसवणूक. आपल्या मुलखातून आयुष्याची पुंजी घेऊन आलेला शेतकरी पहिल्याच रात्री नागवला जाई.

कॅसल गार्डनमध्ये बाहेरच्या दलालाला आत येऊ देत नसत. कारकून प्रत्येकाचे नाव, कुठून आला आणि कुठे जायचे हे वहीत लिहून घेई. रेल्वेचे तिकीट तिथेच, ठरलेल्या दराने मिळे. नाणी बदलून देणारे परवानाधारक असत. पत्र लिहून देणारे होते, काम मिळवून देणारा विभाग होता, आजाऱ्याला दवाखाना होता. थोडक्यात, एका छपराखाली सगळी कामे. पुढे पुढे तिथेही तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांनी गैरकारभारावर टीका केली, चौकशी झाली, आणि १८९० साली केंद्र सरकारने हे काम आपल्याकडे घेऊन ती कचेरी बंद केली. पण पस्तीस वर्षांत ऐंशी लाखांहून जास्त माणसे तिथून अमेरिकेत गेली. आलेल्या माणसाला आधी कोण भेटतो, दलाल की कारकून, यावर त्याचे पुढचे सगळे अवलंबून असते, हे त्या कचेरीने दाखवून दिले.

त्यानंतर १ जानेवारी १८९२ रोजी एलिस नावाच्या बेटावर नवी कचेरी सुरू झाली. तिथे पहिली नोंद झाली ती आयर्लंडमधून 'नेवाडा' आगबोटीने आलेल्या अ‍ॅनी मूर या सतरा वर्षांच्या मुलीची. त्या बेटावरून १९५४ पर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख माणसे आली. तिथल्या कारकुनांनी लोकांची नावे बदलून टाकली, अशी एक दंतकथा अमेरिकेत घराघरात सांगतात. ती खरी नाही. कारकुनापुढे बोटीच्या कंपनीने बंदर सोडतानाच केलेली यादी असे. त्या यादीवरून तो नावे तपासून घेई. सोबत दुभाष्या असे. नावे बदलली ती बहुतेकांनी पुढे आपणहून, शेजाऱ्यापाजाऱ्याला उच्चारायला सोपी म्हणून.

कागदाची आणखी एक गोष्ट. जून १८९७ मध्ये एलिस बेटावरच्या लाकडी इमारतींना आग लागली. माणसे वाचली, पण जुनी दप्तरे जळून खाक झाली. तरीही आज अमेरिकेतला एखादा शेतकरी आपला खापरपणजोबा कुठल्या बोटीने आला हे शोधू शकतो. कसे? तर १८१९ च्या कायद्याने बोटीच्या कप्तानाला उतारूंची यादी जकात खात्याकडे द्यावी लागे. ती दुसरी प्रत दुसऱ्या कचेरीत होती म्हणून वाचली. तलाठी, ग्रामसेवक मंडळींना याहून जास्त सांगायला नको.

टोळधाडीच्या वर्षी

अलेक्झांडरवोलची मंडळी न्यूयॉर्कहून रेल्वेने आत निघाली आणि शेवटी कॅन्सस राज्याच्या मध्यभागी पोचली. तिथे त्यांना बोलावणारी रेल्वे कंपनी होती. अचिसन, टोपेका आणि सांता फे या कंपनीला लोहमार्ग बांधण्याच्या बदल्यात सरकारने तीस लाख एकरांच्या आसपास जमीन दिली होती. मैल-मैलाच्या चौरस तुकड्यांची ती मोजणी. एक तुकडा कंपनीचा, शेजारचा सरकारचा, असा बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा. सरकारी जमीन १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे कसून राहणाऱ्याला १६० एकर, जवळपास फुकट मिळे. कंपनीची जमीन लांब मुदतीच्या हप्त्यांवर विकली जाई. कंपनीचा हिशेब सरळ होता. माणसे वसली तर माल पिकेल आणि माल पिकला तर गाड्या भरतील. म्हणून तिने भाड्यात सवलत दिली आणि पहिला हिवाळा काढायला लांबच लांब लाकडी चाळी बांधून दिल्या.

पण हे लोक पोचले ते वर्ष कॅन्ससच्या इतिहासात टोळधाडीचे वर्ष म्हणून ओळखले जाते. १८७४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये रॉकी पर्वताकडून टोळांचे ढग आले. सूर्य झाकला गेला. मका उभाच्या उभा फस्त झाला, भाजीपाला गेला, अवजारांचे घामट दांडे आणि घोड्यांचे चामडी पट्टेसुद्धा टोळांनी कुरतडले. आधीपासून वसलेले कितीतरी शेतकरी गाड्या जुंपून परत फिरले. नवे लोक आले तेव्हा समोर उघडा माळ होता. अशा वर्षी जमीन घ्यायला छाती लागते.

त्या विनाशात एक गोष्ट जाणत्यांच्या लक्षात आली. मका गेला, पण थंडीआधी पेरलेला गहू टोळ येण्यापूर्वीच कापून झाला होता. मेनोनाइट लोकांचा गहू नेमका असाच होता. तिकडे त्याला 'टर्की रेड' म्हणत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली तो दबून राहतो, वसंतात उठतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. म्हणजे उन्हाळ्याचा कडाका, कोरडे वारे आणि टोळ, तिन्ही चुकतात. रशियातला तो माळ आणि कॅन्ससचा हा माळ, दोन्हींचे हवामान सारखेच. शिष्टमंडळाने माती-पाणी पाहून मुलूख निवडला होता, त्याचे फळ इथे मिळाले. आपल्याकडे मात्र हा गहू चालायचा नाही. त्याला कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर नीट ओंबीच धरत नाही.

निघण्यापूर्वी मुलांनी दाणा दाणा निवडून हे बियाणे पेटीत भरले, अशी गोष्ट कॅन्ससमध्ये आजही सांगतात. त्यात थोडे मीठमसाला असेल. मोठ्या प्रमाणावर बियाणे आले ते पुढे. बर्नहार्ड वारकेंटिन नावाचा मेनोनाइट गिरणीवाला १८७२ सालीच अमेरिकेला आला होता. त्याने १८८० च्या दशकात जुन्या मुलखातून हे बियाणे मागवले आणि शेतकऱ्यांना पुरवले.

पण पिकवले म्हणून विकले जात नाही, हा अनुभव त्यांनाही आला. हा गहू दाण्याला टणक. जुन्या दगडी जात्याच्या गिरण्यांत तो नीट दळला जाईना. गिरणीवाले नाक मुरडत, भाव कमी देत. पोलादी रुळांच्या नव्या गिरण्या आल्या तेव्हा चित्र पालटले. त्याच टणक दाण्याचे पीठ पावाला उत्तम ठरले आणि ज्या गव्हाला बट्टा लागत होता त्यालाच मागणी आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅन्ससमधल्या गव्हाच्या बहुतेक क्षेत्रावर हाच गहू होता. शेतकऱ्याचा माल तोच होता, फक्त त्याला साजेशी गिरणी यायची होती.

सुरुवातीची वर्षे हालाचीच गेली. माळावर झाड नाही, लाकूड नाही. गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरे बांधली. मधोमध विटांची मोठी भट्टी असे. तिच्यात वाळले गवत, काड आणि शेणाच्या विटा जाळून घर गरम ठेवत. मळणीला दात पाडलेला मोठा दगडी रूळ घोड्याच्या मागे बांधून खळ्यावर फिरवत. आपल्याकडे ज्यांनी बैलांची पात धरून मळणी केली आहे, त्यांना ते खळे परके वाटणार नाही. काही ठिकाणी त्यांनी जुन्या रीतीने गाव वसवून पट्ट्या-पट्ट्यांनी शेती वाटून घेतली, म्हणजे चांगली माती आणि हलकी माती सगळ्यांच्या वाट्याला यावी. पण कागदावर चौकोनी तुकडा एकाच्या नावे आणि कसणारे दहाजण, असा प्रकार झाला. कर कोणी भरायचा, विकायचे तर सही कोणाची, यावरून काही वर्षांतच ती गावे मोडली आणि जो तो आपल्या तुकड्यावर राहायला गेला.

जमीन कोणाची होती?

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. ही जमीन ओसाड नव्हती. कॉ नावाची आदिवासी जमात त्या मुलखात राहत होती. कॅन्सस हे राज्याचे नावच मुळी त्यांच्या नावावरून आले. करारांवर करार करून त्यांची जमीन आकसत गेली आणि १८७३ साली उरल्यासुरल्या लोकांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. मेनोनाइट लोकांची बोट लागली त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. ओसेज जमातही त्यापूर्वी दोन-तीन वर्षांत तिथून गेली होती. ज्यांच्यावर त्यांचे पोट होते ते गवे लाखांनी मारले गेले आणि त्यांची कातडी त्याच रेल्वेने पूर्वेकडे गेली.

शस्त्र हातात धरणार नाही म्हणून घर सोडणारे लोक शस्त्राच्या जोरावर मोकळी झालेली जमीन कसायला बसले. त्यांनी स्वतः कुणाला हुसकले नाही. पैसे मोजून, कागद करून जमीन घेतली. पण कागद स्वच्छ असला म्हणजे जमिनीचा इतिहास स्वच्छ असतो असे नाही. धरणाखाली, प्रकल्पाखाली गाव गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

माळही सोसत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या गवताने धरून ठेवलेली माती नांगरून उघडी पडली. १९३० च्या दशकात सलग दुष्काळ पडला तेव्हा त्या मुलखातली माती धुळीच्या वादळांनी उडाली आणि शेतकऱ्यांना पुन्हा एकदा बिऱ्हाडे हलवावी लागली. त्यानंतर १९३५ साली अमेरिकेने मृदसंधारणाचे वेगळे खाते काढले. टोळांचे मात्र नवल झाले. १९०२ नंतर तो रॉकी पर्वताचा टोळ जिवंत असा कुणाला दिसलाच नाही.

बियाण्याबरोबर तणही आले. रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात एका काटेरी तणाचे बी होते. १८७० च्या दशकात ते डाकोटात रुजले आणि वाऱ्यावर गडगडत सगळ्या पश्चिमेत पसरले. आपल्याकडेही गाजर गवत १९५० च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात नोंदले गेले आणि ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असेच सांगितले जाते. बियाणे घेताना चाळून घ्या, असे वडीलधारे सांगत ते उगाच नाही.

आपल्या मुठीत कसा आला?

आता पुन्हा आपल्या गव्हाकडे येऊ. हा टर्की रेड गहू जपानी शास्त्रज्ञांच्या हाती पडला. तिकडे 'दारुमा' नावाचा बुटका गहू होता. तो आधी अमेरिकेच्या 'फुल्ट्झ' गव्हाशी आणि त्या संकराचा पुढे १९२० च्या दशकात टर्की रेडशी संकर झाला. त्यातून निवड करत १९३५ साली 'नोरिन १०' हा वाण बाहेर पडला. जेमतेम दोन-अडीच फुटांचा, खत घातले तरी न लोळणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत गेले. वॉशिंग्टन राज्यात ऑरविल व्होगेल यांनी त्यावर काम केले आणि त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेले. हे बोरलॉगही नॉर्वेतून अमेरिकेत येऊन वसलेल्या शेतकऱ्यांचेच वंशज. आयोवातल्या शेतावर १९१४ साली जन्मलेले.

बोरलॉग यांनी मेक्सिकोत त्यातून बुटके, जोमदार गहू काढले. डॉ. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने १९६३ साली ते भारतात येऊन शेते पाहून गेले. पुढे १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे जहाजाने भारतात आले. त्या वाणांतून निवड करून आपल्याकडे कल्याणसोना आणि सोनालिका हे गहू निघाले. ज्या देशाला पोट भरायला परदेशी गव्हाच्या बोटींची वाट पाहावी लागत होती, तो पुढे स्वतःच्या पायावर उभा राहिला. १९७० साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि गुजरातेतल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत निघालेला, आपल्याकडे घरोघरी पोचलेला लोक-१ हा त्या सोनालिकाचाच मुलगा. बुटकेपणा दारुमाचा, हे खरे. पण घराणे काढले तर 'सिंब्रिया' आणि 'ट्युटोनिया'तून आलेल्या गव्हाचा एक थेंब त्यातही सापडतो.

आपली माणसेही त्याच शतकात समुद्रापार गेली होती. कोकणातून, रत्नागिरीच्या बाजूने कितीतरी माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख भारतीय त्या बेटावर मजुरीला आले. मेनोनाइट लोक आपल्या मर्जीने, जमीन घ्यायला निघाले होते. आपली माणसे करारावर बांधली जाऊन, दुसऱ्याच्या मळ्यात राबायला निघाली होती. हा फरक मोठा आहे. पोर्ट लुई बंदरात ज्या कचेरीतून ती आत गेली, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. मजुरांच्या नोंदवह्या मॉरिशसमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्या नोंदींवरून आजही कुणी नातू आपल्या आज्याचे गाव शोधत येतो.

तेव्हा या रब्बीत पाभर धरण्यापूर्वी मुठीतला गहू जरा निरखून पाहा. हा दाणा कुणीतरी घर विकताना विकला नाही, पेटीत ठेवला. गिरणीवाल्याने नाकारला तरी पुन्हा पेरला. कुठल्याशा कारकुनाने नाव नीट लिहिले म्हणून आज ती माणसे सापडतात, आणि शास्त्रज्ञांनी कुळ नीट लिहिले म्हणून त्या बियाण्याचा माग लागतो. बियाणे चाळून ठेवावे, नोंद नीट करावी आणि आपल्या बांधाच्या आधी तिथे कोण राहत होते हेही विसरू नये. बाकी पाऊसपाणी आहेच.